बघून केलेली सही

कागद हलू नये म्हणून रेजिस हुडाकनं त्याच्या कडा डाव्या हाताच्या बोटांनी दाबून धरल्या आणि उजव्या हातातली पेन्सिल आडवी करून तो घासू लागला. बॉनेटखाली, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर एकेक आकड्यानं कागदावर उमटत होता. परदेशातून आणलेली गाडी नावावर करायची तर राज्याच्या परिवहन खात्याला असा ठसा लागतो, आणि त्याखाली परवाना असलेल्या तपासनिसाची सही. हा नंबर मी गाडीवर माझ्या डोळ्यांनी पाहिला, अशी.

शेवटचा आकडा उमटला. पेन्सिल जराशी पुढे गेली आणि कागदावर एक सरळ काळी रेघ आली. तिथं रेघ असायचं काही कारण नव्हतं.

रेजिसनं कागद उचलला आणि पत्र्यावरून अंगठा फिरवला. रंगाखाली, नंबराच्या चारी बाजूंनी, पोस्टकार्डाएवढ्या चौकोनाचा सांधा बोटाला लागत होता. कुणीतरी दुसऱ्या गाडीचा नंबर पत्र्यासकट कापून आणून इथं जोडला होता. वेल्डिंग घासून, लांबी भरून, वर रंग मारला होता. काम सफाईचं होतं. बघणाऱ्याला दिसलं नसतं, पण रेजिसचं सगळं आयुष्य पत्र्यावरून बोटं फिरवण्यात गेलं होतं.

"काय झालं, डॅड?" पलीकडे फेंडरला टेकून उभा असलेला कॉल्टन म्हणाला. कॉल्टन त्याचा जावई.

"काही नाही," रेजिस म्हणाला.

गाडी होती निस्सान सिल्व्हिया. निळी, बुटकी, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली. जपानसाठी बनलेली, अमेरिकेत कधी न विकली गेलेली. अशा गाडीला अमेरिकेच्या रस्त्यावर यायचं तर पंचवीस वर्षं पुरी व्हावी लागतात, कारखान्यातून बाहेर पडलेल्या महिन्यापासून मोजून. पत्र्यावरचा नंबर ज्या गाडीचा होता तिची पंचवीस वर्षं नुकतीच भरली होती. ही गाडी मात्र तिच्याहून वयानं बरीच लहान होती. हे रेजिसला खरं तर सांध्याच्या आधीच कळलं होतं. अर्ध्या तासापूर्वी सीटबेल्ट ओढताना पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी त्याच्या हाताशी आली होती आणि तिच्यावरचं साल त्यानं वाचलं होतं. वाचलं, आणि पट्टा खटकन लावला.

ब्रॅडन्स फेरी हे पेनसिल्व्हेनियातलं नदीकाठचं गाव. पोलादाच्या भट्ट्या होत्या तेव्हा मोठं होतं, आता नाही. गावात दरवर्षीच्या वाहन तपासणीसाठी लोक रेजिसच्या गॅरेजात येत आणि येताना कुरकुरत येत. त्याला 'नाही हुडाक' म्हणत. हुडाककडे जाण्यापेक्षा दाढ काढून घेतलेली बरी, असं म्हणत. त्यानं फादर ब्लाहोंची गाडी ईस्टरच्या आदल्या दिवशी नापास केली होती, मेहुणीची गाडी तिच्या पोरीच्या लग्नाच्या आठवड्यात. कॉल्टन त्याच्या मुलीला, मारिसाला, पहिल्यांदा फिरायला न्यायला आला तेव्हा त्याचा पिकअप दारात उभा होता. रेजिस वाकून त्याच्याखाली बघून आला आणि म्हणाला, या गाडीतून माझी मुलगी जाणार नाही. त्या संध्याकाळी पोरं चालत गेली. लग्नानंतरही कॉल्टन त्याला 'मिस्टर हुडाक'च म्हणत राहिला. थँक्सगिव्हिंगला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा आणि जेवण झालं की लगेच टीव्हीसमोर जायचा.

त्याच दिवशी, मे महिन्यातल्या त्या सकाळी, कॉल्टन सिल्व्हिया घेऊन दारात आला आणि म्हणाला, "आधी एक चक्कर मारा तुम्ही. मग बघा काय बघायचं ते."

अमेरिकेत फक्त टपालवाले बसतात तसा रेजिस उजवीकडे बसला. गिअर डाव्या हाताला. पहिल्या वळणावर त्याचा उजवा हात सवयीनं गिअर शोधत दारावर आपटला आणि कॉल्टन हसला. मग नदीकाठचा रस्ता आला आणि गाडी अशी काही सुटली की साठी ओलांडलेला रेजिस हुडाक मोठ्यानं हसायला लागला. आपण असे हसतो हे तो स्वतःच विसरला होता. पुलापाशी त्यानं गाडी वळवली. कॉल्टन त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "डॅड, तुम्ही तर छुपे रुस्तुम निघालात."

डॅड. सात वर्षांत पहिल्यांदा.

आता तो कागद हातात धरून उभा होता. त्यानं बाकावरची कात्री घेतली. ज्या बाजूला रेघ आली होती तेवढी पट्टी कापली, कागद चौकोनी केला आणि खाली सही केली. पट्टी त्यानं चोळामोळा करून खिशात घातली. कॉल्टन बघत होता. दोघंही मग इंजिनाबद्दल बोलत राहिले.

गाडी कधी विकणार नाही असं कॉल्टन म्हणाला होता. ऑक्टोबरात मारिसाचा फोन आला. ती नव्या स्वयंपाकघराबद्दल बोलत होती, फरशी, कपाटं, आणि मध्येच म्हणाली की सिल्व्हिया गेली, चांगलं गिऱ्हाईक आलं. कोण, ते रेजिसनं विचारलं नाही. गाडी दूर कुठंतरी गेली असेल, ओहायोत किंवा त्याहून लांब, असं त्यानं धरून चाललं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी ती निळी गाडी त्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिच्यातून थॅडियस बेल उतरला.

थॅडियस आणि रेजिस एकाच शाळेत होते, एकाच फुटबॉल संघात. पुढे थॅडियस नौदलात गेला, जहाजाच्या इंजिनघरात वीस वर्षं काढून परत आला आणि नदीवरच्या मालवाहू बार्जा ओढणाऱ्या बोटीवर लागला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको ओडेसा वारली. तेव्हापासून तो बोलायचा कमी. आज मात्र त्याचं तोंड थांबत नव्हतं.

"जपानात, योकोसुकाच्या नाविक तळावर, आमच्या फाटकाच्या रस्त्यावर एक शोरूम होतं. ही काचेत उभी असायची. हीच, निळी. मी रोज थांबायचो. ओडेसा म्हणायची, इथंच पडदा लावून देते, राहा तू. पण तेव्हा पोरांच्या शाळा होत्या. आता म्हटलं, कोण अडवणार?"

त्यानं टपावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुझा जावई कागदाची चळत काढून बसला. बंदराची पावती, कस्टमची, कसली कसली. मी म्हटलं, कागद राहू देत, तपासली कुणी ते सांग. तो म्हणाला, सासऱ्यानं. मग मी काही बघितलंच नाही."

रेजिसनं तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं जिभेवर होतं. आता सांगितलं असतं तर कॉल्टनला पैसे परत करायला लावता आले असते, प्रकरण निस्तरता आलं असतं, निदान एका माणसापुरतं. कॉल्टनच्या नव्या फरश्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या.

"टायर जुने झालेत," तो म्हणाला.

"बदल की मग."

रेजिसनं टायर बदलले. ब्रेक उघडून साफ केले, तेल बदललं, बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. सांगितली नव्हती ती कामंही केली. बॉनेट मात्र तेलापुरतं उघडलं आणि लगेच लावलं. थॅडियस निघताना म्हणाला, "मी सांगतो बोटीवरच्या पोरांना, गाडी न्यायची तर हुडाककडेच." रेजिस हात पुसायच्या निमित्तानं आत गेला आणि गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. आवाज चांगला होता. तेही त्याला ऐकवत नव्हतं.

फेब्रुवारीत कस्टमचे लोक आले. बंदराकाठी एक दलाल पकडला गेला होता. त्यानं अशा बऱ्याच गाड्या जुन्या नंबरांवर आत आणल्या होत्या, आणि त्यांच्या यादीत ही होती. रेजिस गॅरेजच्या दारात बर्फ ओढत होता तेव्हा टो-ट्रक चढावरून खाली आला. पाठीवर सिल्व्हिया होती. रात्रभर बर्फ पडलं होतं, गावातली प्रत्येक गाडी पांढरी होती, पण सिल्व्हियाचा टप आणि काच लखलखीत साफ होती. लोरेटानं, रेजिसच्या बायकोनं, त्याला दुपारी सांगितलं. थॅडियस सपाता घालूनच बाहेर आला म्हणे. कागद वाचला, मान हलवली, आणि ते साखळ्या लावत होते तोवर ब्रश घेऊन गाडीवरचं बर्फ झाडत राहिला.

त्याच दिवशी एक अधिकारी बाई रेजिसकडे आल्या. प्रौढ, सौम्य. त्यांनी फोटो दाखवला, रंग खरवडलेला, सांधा उघडा पडलेला. म्हणाल्या, असं काम आमच्याही नजरेतून सुटलं असतं. तुमची सही आहे म्हणून विचारावं लागतं, एवढंच.

"तुम्हाला हे दिसलं नव्हतं, असंच ना?"

पायरी त्यांनीच टाकून दिली होती. त्यानं फक्त पाय ठेवायचा होता.

"नाही दिसलं," रेजिस म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं, कॉफीबद्दल आभार मानले आणि गेल्या.

गावाला त्याची दया आली. हे त्याला सगळ्यांत जड गेलं. लोक मुद्दाम थांबून बोलत. एवढा काटेकोर माणूस, त्याला सुद्धा फसवलं, काय लोक असतात. ज्यांच्या गाड्या त्यानं वर्षानुवर्षं अडवल्या ती माणसं आता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. लोरेटा त्याला जेवताना सारखं वाढायची आणि तो खायचा नाही. एकदा तिनं विचारलं, रेज, तुला बरं नाही का? तो म्हणाला, पोट.

कॉल्टनचा फोन आला. तो घाबरलेला होता, पण आवाज हलका ठेवत होता. आपल्याला दलालाबद्दल माहीत नव्हतं, खरंच नव्हतं, विचारायला मात्र हवं होतं, असं म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "तुम्ही बरोबर बोललात, डॅड. असंच राहू द्या."

म्हणजे कात्रीचं त्याला आठवत होतं. रेजिसनं फोन ठेवला.

ईस्टरआधीच्या उपासाचे शुक्रवार सुरू झाले. या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालतो. सेंट ल्युडमिला चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये मासे तळले जातात आणि सगळं गाव जेवायला येतं, चर्चचं असो वा नसो. कढईवर नेहमी रेजिस. त्या शुक्रवारी थॅडियसही आला. हातात कागदी ताट घेऊन रांगेत उभा राहिला. त्याच्यामागं बर्नी क्रूपा होता. एखादी जखम दिसली की बोट घातल्याशिवाय बर्नीला चैन पडत नसे.

"थॅड, मासा उलटून बघ बाबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हुडाकनं पास केलेला आहे."

दोघंचौघं हसले. रेजिसनं झारा कढईतच ठेवला.

थॅडियस वळला. त्याचा आवाज चढला नाही. "बर्नी, याला फसवायला त्यांना केवढी मेहनत करावी लागली ते बघ. दुसरा कुणी असता तर नुसत्या रंगावर भागलं असतं. माझी गाडी गेली ती गेली. याचं नाव कशाला घालवतोस?"

एका म्हातारीनं मान डोलावली. बर्नी आपल्या बुटांकडे बघू लागला. रेजिसला वाटलं, तळघराची जमीन दुभंगेल तर बरं. मग त्यानं ॲप्रन सोडला, झारा शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि काउंटरला वळसा घालून पुढे आला.

"थॅड, जरा बाहेर येतोस?"

मागच्या दारापाशी कचऱ्याच्या पेट्या होत्या. हवेत जळक्या तेलाचा वास. थॅडियसच्या हातात ताट तसंच होतं.

"मी फसलो नव्हतो," रेजिस म्हणाला.

"म्हणजे?"

"सांधा मला दिसला होता. बोटाला लागला. ठशावर सुद्धा आला. मी तेवढा कागद कापून टाकला आणि सही केली."

थॅडियस त्याच्याकडे बघत राहिला. "नोव्हेंबरात मी आलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"तू मला टायरचं सांगितलंस."

"हो."

"काय मिळालं तुला?"

"पैसे नाही घेतले."

"मी पैशांचं नाही विचारलं."

रेजिसनं उत्तर मनात मांडून पाहिलं. ते इतकं फुटकळ होतं की त्याची कानशिलं तापली. चोरी केली असती तर निदान सांगायला काहीतरी असतं. "मी ती चालवली होती," तो म्हणाला. "मजा आली. आणि पोरगा मला डॅड म्हणाला."

थॅडियसनं ताटाकडे पाहिलं. मासा गार झाला होता.

"मजा तर मलाही आली," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी आत्ता सगळ्यांसमोर तुझ्या बाजूनं बोलून आलोय, रेजिस. आता मी आत कसा जाऊ?"

थॅडियसनं ताट पेटीच्या झाकणावर अलगद ठेवलं, जसं कुणी नंतर येऊन खाणार आहे, आणि हॉलच्या पायऱ्या पुन्हा न उतरता बाजूच्या उतारानं आपल्या जुन्या ब्युइक गाडीकडे गेला.

रेजिस आत आला. कुणी काही विचारायच्या आत त्यानं थॅडियसला जे सांगितलं तेच बर्नीला सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. सगळ्या हॉलमध्ये बर्नी एकटाच असा होता की ज्याला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, आणि त्यालाही झाला नाही.

सोमवारी रेजिसनं त्या अधिकारी बाईंना फोन केला. पुढचं सगळं संथपणे आणि नियमाप्रमाणे झालं. त्याचा तपासणीचा परवाना गेला. दंड झाला, तो त्यानं भरला. दोन माणसं शिडी घेऊन आली आणि दारावरची निळी-पिवळी सरकारी पाटी उतरवून घेऊन गेली. कॉल्टनला वकील करावा लागला. थॅडियसचे पैसे त्याला हप्त्याहप्त्यानं परत करायला लावले. गाडी मात्र परत मिळाली नाही. ती बंदराजवळच्या कुठल्याशा आवारात चिरडली, असं कानावर आलं.

मारिसा एकदाच आली, एकटी. आपल्या मुलीला, रेजिसच्या नातीला, आणलं नव्हतं. बसली नाही.

"सांगायचंच होतं तर मे महिन्यात सांगायचंस, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा कॉल्टन चार दिवस रुसला असता, एवढंच झालं असतं. तू सगळ्यांना बुडू दिलंस आणि मग एकटा किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलास."

ती खोटं बोलत नव्हती. त्यानं तिला कोट घालायला मदत केली. लोरेटा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ताट वाढून झालं की ती पूर्वी समोर बसायची, आता भांडी आवरायला घेऊ लागली. हळूहळू, उन्हाळ्याकडे, ती पुन्हा बसू लागली.

गॅरेज चालू राहिलं. तेल बदलणं, टायर, गवत कापायची यंत्रं. पूर्वी लोक कुरकुरत यायचे, आता फार नम्रपणे येत आणि लवकर जात. थॅडियस पोस्टात भेटला की मान हलवायचा. ती मान कुणालाही हलवली असती तशीच. तो ब्युइक दुरुस्तीला दुसऱ्या गावाला नेऊ लागला होता. एकदा रेजिस रस्ता ओलांडून त्याच्याकडे निघाला होता. अर्ध्यात पोचला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नाही. तो परत फिरला.

जुलैत रेजिसच्या स्वतःच्या ट्रकच्या तपासणीची मुदत संपत आली. काचेवरचं पास झाल्याचं स्टिकर आजवर त्यानंच लावलं होतं, स्वतः खाली शिरून, स्वतःला एक पैची सूट न देता. आता तो ट्रक घेऊन पुलापलीकडच्या गावी टेसा ग्रोहच्या गॅरेजात गेला. टेसा पूर्वी त्याच्याकडे काम शिकून गेलेली. आता तिच्या हाताखाली तिघं होते.

त्याला बघून ती हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं असणार, पण चेहऱ्यावर काही आणलं नाही. ट्रककडे नजर टाकून म्हणाली, "तुमच्या गाडीत काय बघायचं, मिस्टर हुडाक? किल्ली द्या, स्टिकर लावून देते. पाच मिनिटांचं काम."

"लिफ्टवर घे," रेजिस म्हणाला.

"अहो, गरज नाही."

"वर घे, टेसा. बघून लाव."

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग किल्ली घेतली, ट्रक आत नेला आणि बटण दाबलं. ट्रक वर जाऊ लागला. रेजिस सवयीनं पुढे सरकला, मान मागे टाकून, पुढच्या चाकाच्या सांध्याकडे हात नेत.

"मिस्टर हुडाक," टेसा हळू आवाजात म्हणाली. "तिथं नाही थांबता येणार. नियम आहे. गिऱ्हाइकांनी बाहेर बसायचं."

"बरोबर आहे," रेजिस म्हणाला.

बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एका बाईनं आपली पिशवी उचलून त्याला जागा करून दिली. त्यानं आभार मानले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसला. मधलं दार अधूनमधून उघडत होतं. उघडलं की तिथं बसलेल्या सगळ्यांसारखा तोही मान वर करून बघत होता, आपलं नाव घेतात का.